ब्रा टिकतच नाही? आधी ती नेमकी कुठे बिघडतेय ते बघा

नवी ब्रा पहिल्या महिन्यात अंगाला नीट बसते. दुसऱ्या महिन्यात हूक एक घर आत सरकतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात शेवटच्या घरात हूक लावूनही मागची पट्टी पाठीवर चढायला लागते. मग नवी आणायची, आणि चार महिन्यांनी पुन्हा तेच. माझं हे चक्र कित्येक वर्षं चालू होतं आणि दर वेळी मी हल्लीच्या मालाला नावं ठेवून मोकळी व्हायचे.

मालाला नावं ठेवणं थांबलं ते दोन सारख्या ब्रांमुळे. एकच माप, एकच कापड, एकाच दिवशी घेतलेल्या. त्यातल्या एकीची लेस मशीनमध्ये कुठल्याशा चेनमध्ये अडकून जराशी फाटली, म्हणून तेवढी एक मी हाताने धुवायला लागले. दुसरी बाकीच्या कपड्यांसोबत मशीनमध्येच जात राहिली. आठ महिन्यांनी कप्पा आवरताना दोन्ही पलंगावर शेजारी शेजारी ठेवल्या, तर मशीनवालीची मागची पट्टी हातवालीपेक्षा चांगली तीन बोटं लांब! तिच्या कडेला लाटा आलेल्या, आणि त्या लाटांमधून केसासारखे पांढरे बारीक धागे बाहेर डोकावत होते. वापर दोन्हींचा सारखाच होता, फरक फक्त धुण्यात.

तेव्हा डिटर्जंट बदलायच्या किंवा महागडी ब्रा घ्यायच्या आधी जुनी हातात घेऊन बघा, ती कुठे बिघडली आहे. पट्टी सैल पडते त्याचं कारण वेगळं, तार बाहेर येते त्याचं वेगळं, आणि पांढऱ्याचा रंग करडा होतो त्याचं तर अगदीच वेगळं.

पट्टी सैल पडते

सगळ्यात जास्त तक्रार हीच. ब्राचा बहुतेक भार खांद्यांच्या पट्ट्यांवर नसतो, तो पाठीमागच्या पट्टीवर असतो. ती पट्टी सैल झाली की भार खांद्यांवर येतो, पट्टे रुततात, आणि आपण ते आणखी आवळतो. त्यामुळे मागची बाजू आणखी वर ओढली जाते.

पट्टीतला ताण देणारा धागा इलास्टेनचा असतो. लायक्रा आणि स्पँडेक्स ही त्याचीच नावं. 1958 साली ड्युपाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने तो तयार केला. हा धागा मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी परत जागेवर येतो, आणि कापडात तो थोडाच असला तरी घट्टपणाचं सगळं काम तोच करतो. नायलॉन किंवा सुती भाग वर्षानुवर्षं धडधाकट राहतो, आतला हा धागा मात्र आधीच थकतो. म्हणून ब्रा दिसायला नवीच असते, पण बसत नाही.

या धाग्याचे शत्रू ठरलेले आहेत. पहिला उष्णता. कडकडीत पाणी, ड्रायर, इस्त्री, तापलेल्या हीटरवर वाळत घालणं, सगळं त्यात आलं. कोमट पाण्याला हरकत नाही, पण 30 अंशांच्या वर जायची गरज नसते. ड्रायरमध्ये तर उष्णता आणि आपटणं दोन्ही एकदम. माझ्या मते ब्राचं आयुष्य सगळ्यात जास्त कोण कमी करत असेल तर तो ड्रायर. एवढी एक सवय सुटली तरी अर्धं काम झालं म्हणायचं.

दुसरा शत्रू क्लोरीनवालं ब्लीच. जलतरण तलावात घालायचे पोहण्याचे कपडे काही काळाने ढगळ होतात ते पाण्यातल्या क्लोरीनमुळेच. तलावाच्या पाण्यात क्लोरीन थोडं असतं, ब्लीचच्या बाटलीत कितीतरी पट जास्त. पांढरी ब्रा पांढरी व्हावी म्हणून तिच्यावर ब्लीच ओतलं की नायलॉन पिवळं पडतं आणि इलास्टेन मरतं. दोन्ही बाजूंनी तोटा.

तिसरा शत्रू पिळणं. टॉवेल पिळतात तशी ब्रा दोन्ही हातांनी पिळली की ओला धागा पूर्ण ताणात मुरगळला जातो. चौथा, पट्ट्यांवर चिमटा लावून वाळत घालणं. ओली, पॅडवाली ब्रा पाणी धरून चांगलीच जड होते आणि तो सगळा भार तासन् तास त्या बारीक पट्ट्यांवर लोंबकळतो. नंतर आपणच म्हणतो, पट्टे सारखे घसरतात.

घाम आणि अंगाचं तेलही इलास्टेन हळूहळू खातं, त्यामुळे ‘कमी धुतली तर जास्त टिकेल’ हा हिशेबही फसवा आहे. दोन-तीनदा वापरून धुवावी, भरपूर घाम आला असेल तर त्याच दिवशी. पँटी अर्थातच रोज. आणि एकच ब्रा लागोपाठ दोन दिवस घालू नये. ताणलेला धागा पुरता आखडायला वेळ लागतो, मधे एक दिवस मिळाला की तो जागेवर येतो. तीन ब्रा आळीपाळीने वापरल्या तर त्या एकेक करून वापरलेल्या तिघींपेक्षा जास्त दिवस चालतात, असा माझा तरी अनुभव आहे.

हुकाचंही एक सांगते, कारण ही चूक मीही केली आहे. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सगळ्यात सैल घरात हूक लावून नीट बसली पाहिजे. आतली घरं पुढे पट्टी सैल पडेल तेव्हासाठी राखलेली असतात. पहिल्याच दिवशी सगळ्यात आतलं घर लागत असेल तर मापच मोठं आहे. अशी ब्रा लवकर सैल पडली असं वाटतं खरं, पण ती मुळात घट्ट नव्हतीच.

धागा मेलाय की अजून जीव आहे, हे बघायला पट्टीचं एक टोक टेबलावर दाबून धरा, दुसरं ओढा आणि सोडा. झटकन परत आली तर ठीक. संथपणे आली, किंवा येताना कडेला लाटा राहिल्या, तर ती संपली. मेलेलं इलॅस्टिक गार पाण्यात ठेवून, फ्रीजरमध्ये ठेवून किंवा आणखी कशातही बुडवून जिवंत होत नाही. शक्य असेल तर नवी असतानाच टेपने पट्टीची लांबी मोजून कुठेतरी लिहून ठेवा. पुढे सैल पडली की नुसतं वाटतंय, ते लगेच कळतं.

हाताने धुताना

पाच मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक जणी ते चादर धुतल्यासारखं करतात. टबात कोमट किंवा साधं पाणी घ्या. डिटर्जंट आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, मगच ब्रा टाका. पावडर थेट कापडावर पडली तर ती शिवणीत आणि पॅडच्या कडेला अडकते आणि नंतर अंगाला खाज सुटते. एका ब्राला अर्धा चमचा सौम्य द्रव डिटर्जंट खूप झालं. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त, असं काही नसतं.

हूक लावून टाका, नाहीतर तो लेसमध्ये किंवा शेजारच्या पँटीत शिरतो. दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, रात्रभर नको. मग पाण्यातच हलक्या हाताने दाबायचं आणि सोडायचं, स्पंज दाबतो तसं. घाम साठतो तो काखेजवळच्या कडेला, कपाखालच्या पट्टीत आणि पाठीमागे हुकाच्या आसपास. तेवढा भाग बोटांच्या पेरांनी चोळा. ब्रशने नको. खरखरीत ब्रशने लेसचे धागे उठतात आणि पॅडवर गोळे येतात.

मग स्वच्छ पाण्यात खळबळा, पाणी नितळ येईपर्यंत. माझा अंदाज दोन पाणी, कधी तीन. साबण राहिला की कापड ताठ होतं आणि वासही धरतं.

आता पाणी काढणं. कोरडा टॉवेल पसरा, त्यावर ब्रा उलगडून ठेवा, कप नीट वर करून. टॉवेलची सैलसर गुंडाळी करा आणि वरून तळव्याने दाबत जा. टॉवेल सगळं पाणी पितो. उलगडल्यावर ब्रा नुसती दमट असते, थेंब गळत नाही. कपांना हाताने आकार द्या आणि जाळीवर किंवा सपाट जागी सावलीत वाळू द्या. दोरीच हवी असेल तर दोन कपांमधला भाग दोरीवर टाका, किंवा चिमटा कपाखालच्या कडेला लावा, पट्ट्यांना नाही.

भर उन्हात इलास्टेन आणि नायलॉन दोन्ही कमकुवत होतात, रंग उडतो, पॅडच्या आतला फोम पिवळा पडतो. सुती पँटींना ऊन चालतं. पण सावली म्हणजे कोंदट कोपरा नव्हे. दुसऱ्या कपड्याखाली दडपून वाळत घातलेली ब्रा वरून कोरडी लागते आणि पॅडच्या आत ओलीच राहते. तशीच अंगावर चढवली की खाज, पुरळ, बुरशी. कपाची जाड बाजू चिमटीत दाबून बघा, गारवा लागला तर अजून वाळलेली नाही.

मशीनशिवाय जमतच नसेल तर

रोज हाताने धुवायला वेळ नसतो, हे मला मान्य आहे. मग जाळीची पिशवी घ्या, हूक लावा, आणि पिशवी अर्धी रिकामी राहील इतकेच कपडे भरा. जीन्स, टॉवेल, चेनवाले कपडे वेगळे. नाजूक कपड्यांची सायकल, थंड पाणी, स्पिन कमीत कमी. मिनिटाला 400 ते 600 फेऱ्यांच्या आसपास असलं तरी पुरे. सायकल संपली की ओला गोळा आत ठेवू नका, लगेच काढून कपांना आकार द्या. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. तो धाग्यांवर मेणचट थर बसवतो, कापड घाम शोषत नाही आणि अंगाचं तेल त्या थराला चिकटून बसतं.

तार बाहेर येते

एकदा माझं मशीन स्पिनच्या वेळी खडखडायला लागलं. दुरुस्तीला आलेल्या माणसाने ड्रमच्या खालून एक वाकडी अर्धगोल तार काढून माझ्या हातात ठेवली आणि काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तार ज्या नळीसारख्या पट्टीत बसते तिच्या टोकाला घट्ट आडवे टाके असतात. मशीनमध्ये आपटून तार वाकली की टोक त्या टाक्यांना टोचत राहतं आणि एक दिवस आरपार जातं. बहुधा काखेच्या बाजूने, कधी मधून. अंगावर असताना टोचली तर ती तशीच घालत राहू नका, कातडी सोलून निघते.

तार सरळ आणि शाबूत असेल तर दुरुस्ती सोपी. टोक परत नळीत ढकला आणि तार शेवटापासून अर्धा सेंटिमीटर आत राहील इतकी सरकवा. जाड दुहेरी दोऱ्याने त्या भोकावर एकमेकांना लागून आडवेतिडवे दहा-बारा टाके घाला, मग त्यावर सुती कापडाचा नखाएवढा तुकडा ठेवून चहूबाजूंनी शिवा. नुसते टाके घातले तर तार त्याच जागी पुन्हा वाट काढते, कापडाचा तुकडा हवाच. तारेच्या टोकावरचं प्लास्टिकचं टोपण निघालं असेल किंवा तार मधेच मोडली असेल, तर दोन्ही बाजूंच्या तारा काढून टाका आणि ती ब्रा घरात बिनतारेची म्हणून वापरा. एकाच बाजूची काढली तर बसणार नाही.

दर नव्या ब्राची तार एकाच बाजूने बाहेर येत असेल तर दोष धुण्यात नाही, मापात आहे. कप लहान असला की तार छातीवर टेकते आणि दिवसभर बाहेरच्या बाजूला ढकलली जाते.

पांढरी ब्रा करडी, फिकट ब्रा पिवळी

हे दोन वेगळे आजार आहेत. नायलॉन धुण्याच्या पाण्यात सुटलेला रंग चटकन पकडतं. गडद कपड्यांच्या पाण्यात चार वेळा गेलेली पांढरी ब्रा पाचव्यांदा करडी दिसते. पाणी जड असेल तर त्यातले क्षार साबणाशी मिळून राखाडी गाळ बनवतात आणि तो कापडात बसतो. अशा पाण्यात साबणाच्या वडीपेक्षा डिटर्जंट बरं. पांढरे कपडे कायम वेगळे धुवा. ‘फिकट रंगाचं आहे, चालेल’ म्हणून बाकीच्यांत टाकणं इथे नडतं.

पिवळेपणा घामाचा, तेलाचा आणि घाम रोखणाऱ्या डिओडरंटमधल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांचा असतो. म्हणून तो काखेकडेच आधी दिसतो. त्यावर ऑक्सिजनवालं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पावडर, चालते. कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून तासभर भिजवा आणि भरपूर खळबळा. लेबलवर ब्लीचच्या त्रिकोणावर फुली असेल तर हेही नको, त्रिकोणात दोन तिरक्या रेघा असतील तर फक्त ऑक्सिजनवालं चालतं. रेशमी आणि लोकरी कापडावर ही पावडर वापरायची नाही. ती कापडं प्रथिनांची असतात, त्यांना एन्झाइमवालं डिटर्जंटही नको. आणि कुठलंही क्लोरीनचं ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा दुसऱ्या क्लीनरमध्ये मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

फोमचा कप आतूनच पिवळा पडला असेल तर तो जुनेपणा आहे, हवेने आणि उजेडाने येतो. तो धुऊन जात नाही, घासत बसू नका.

काळ्या पँटीवर फिकट, नारिंगी चट्टे

याबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं, तेही आवाज खाली आणून. चट्टा फक्त मधल्या पट्टीवर असेल तर ते ब्लीचचे शिंतोडे नाहीत आणि अस्वच्छताही नाही. योनीमार्गाचा सामू साधारण 3.8 ते 4.5 असतो, म्हणजे चांगलाच आम्लधर्मी. रोजचा स्राव कापडावर वाळतो आणि हळूहळू रंग उडवतो. निरोगी शरीराचं हे नेहमीचं काम आहे. गेलेला रंग परत येत नाही. पँटी काढल्यावर लगेच मधला भाग पाण्याखाली धरला तर चट्टा उशिरा पडतो, एवढंच. वास, रंग किंवा खाज अचानक बदलली असेल तर मात्र तो प्रश्न कपड्याचा नाही, डॉक्टरांना दाखवा.

रक्ताचा डाग थंड पाण्यातच. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं कापडात घट्ट बसतात आणि डाग कायमचा होतो. आधी नळाखाली उलट्या बाजूने पाणी सोडा, मग सुती पँटी एन्झाइमवालं डिटर्जंट घालून अर्धा तास भिजवा.

धुऊनही वास येतो

कापड बघा. पॉलिएस्टर अंगाचं तेल धरून ठेवतं आणि वासाचे जिवाणू त्या तेलावर जगतात, सुती कापडात हे कमी होतं. उपाय जास्त डिटर्जंट टाकण्याचा नाही. उरलेल्या साबणाचा आणि सॉफ्टनरचा थरच बहुतेक वेळा वास धरतो. एकदा डिटर्जंट न घालता नुसत्या कोमट पाण्यात भिजवा आणि हलवा. पाण्यावर फेस आला, तर तुम्हाला उत्तर मिळालं. फेस यायचा थांबेपर्यंत पाणी बदलत राहा.

कप चेपतो

मोल्डेड, म्हणजे साच्यात आकार दिलेल्या कपांची ब्रा मधे दुमडून एक कप दुसऱ्यात उलटा घालून ठेवला की कपाच्या मधे कायमची घडी पडते. कप्प्यात सगळ्या ब्रा एकामागे एक उभ्या, एकीच्या कपात दुसरीचा कप बसेल अशा ठेवा, पट्टे आत टाकून. जागा कमी असेल तर पँटी गुंडाळून कोपऱ्यात सारा, ब्रा दुमडू नका.

लेबल फाडून टाकायच्या आधी त्यावरची चिन्हं एकदा बघून घ्या, ती आयएसओ 3758 या आंतरराष्ट्रीय मानकाची असतात. टबातला आकडा म्हणजे पाण्याचं जास्तीत जास्त तापमान, टबात हात म्हणजे हातानेच धुवा, टबाखाली एक रेघ म्हणजे सौम्य सायकल, दोन रेघा म्हणजे त्याहून सौम्य. चौकोनातल्या गोलावर फुली म्हणजे ड्रायर नको. ब्राच्या लेबलवर ही फुली मला जवळपास दर वेळी दिसली आहे.

आणि इलॅस्टिक मेलेली ब्रा टाकताना कात्री घेऊन बसा. हूक आणि घरांची पट्टी कापून ठेवा, पट्टा लहानमोठा करायच्या कड्या काढून ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या ब्राची कडी तुटली किंवा हूक वाकला, तर त्या एका तुकड्यावाचून चांगली ब्रा फेकावी लागत नाही. माझ्याकडे शिवणाच्या डब्यात अशा कड्यांची एक छोटी डबी भरलेली आहे, आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतात त्या मशीनवाल्या त्या ब्राच्या.